आप्पासोंच्या मानेचा सौदा

गलांड्यांच्या घरात मटण शिजलं की समजायचं, आज कुणाचा तरी निकाल लागणार. रानाची वाटणी झाली मटणावर, अबोलीचं लग्न ठरलं मटणावर, आणि या रविवारी आप्पासोंच्या मानेचा फैसला व्हायचा होता तोही मटणावरच. त्यासाठी त्यांच्या थोरल्या बहीणबाई, म्हणजे भामाबाई, कोरेगावहून सकाळच्या गाडीनं आष्ट्यात उतरल्या होत्या. लेक अबोली साताऱ्याहून नवऱ्याला घेऊन आली होती. ज्यांची मान होती ते आप्पासो गळ्यात पांढरा पट्टा बांधून खुर्चीत बसले होते, आणि मान वळत नसल्यामुळं जो बोलेल त्याच्याकडं अख्खं अंग वळवत होते.

"बैलाच्या गळ्यात घुंगरं आन् दलालाच्या गळ्यात पट्टा," भामाबाई म्हणाल्या. "असा बाजारात उभा राहू नगंस रं आप्पा. कोणतर येऊन दात बघंल."

बैलांची दलाली हा गलांड्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. शर्यती परत सुरू झाल्यापासून खोंडांना सोन्याचा भाव आला होता, आणि नेमकी तेव्हाच आप्पासोंच्या मानेतली एक चकती सरकून नसेवर बसली. दिवाळीपासून गोळ्या झाल्या, व्यायाम झाला, वजन लावून मान ताणणं झालं, पाटणच्या कुणा माणसाचं तेल झालं. कळ जरा कमी झाली, पण उजव्या हाताचा जोर जायला लागला. मग मिरजेच्या डॉक्टरनं फिल्म उजेडावर धरली आणि सांगितलं, आता चकती काढलेली बरी. काढून तिथले दोन मणके जोडून टाकता येतील, नाहीतर नवी कृत्रिम चकती बसवता येईल. त्याचा स्वतःचा कल नव्या चकतीकडं होता. काय ते उद्या सोमवारी कळवायचं होतं.

डॉक्टरकडं घरातले पाचजण गेले होते आणि पाचजण पाच वेगवेगळे डॉक्टर ऐकून आले होते.

जेवणं उरकत आली तसा जावई निमिष पुढं सरसावला. हा साताऱ्यातल्या एका बँकेचे संगणक सांभाळायचा. गेला आठवडाभर त्यानं फोनवर मानेची इतकी ऑपरेशनं बघितली होती की आता फक्त सुरी हातात द्यायची बाकी होती. त्यानं ताटातल्या दोन रिकाम्या वाट्या एकीवर एक ठेवल्या आणि मध्ये लिंबाची फोड सरकवली.

"मामा, हे तुमचे दोन मणके. ही फोड म्हणजे चकती. ती मागे सरकलीय आणि हातात जाणारी नस दाबतेय. पहिला पर्याय, फोड काढायची आणि दोन्ही वाट्या पक्क्या जोडायच्या. जुनं, खात्रीचं काम आहे. पण तेवढा सांधा हलायचा बंद होतो, आणि वरच्या-खालच्या चकत्यांवर भार वाढू शकतो."

"आन् दुसरा?" आप्पासोंचा धाकटा भाऊ गुंडा म्हणाला.

"फोडीच्या जागी नवी चकती. मान वळायची थांबत नाही. मामांचं हाड घट्ट आहे, मागचे सांधे झिजलेले नाहीत, म्हणून त्यांना ती बसेल. सगळ्यांना नाही बसत."

"म्हंजे बेअरिंग. गाडीचं बदलत्यात तसं."

"तसंच म्हणा."

"आन् बेअरिंग सरकलं तर?" शकुंतलेनं स्वयंपाकघराच्या दारातनं विचारलं. नवऱ्याच्या मानेबद्दल ती आज पहिल्यांदाच तोंड उघडत होती.

"क्वचित सरकतं. कधी भोवतीनं हाड वाढतं आणि ती जाम होते. मग परत उघडावं लागतं."

"काय उघडावं लागतं?"

"मान," निमिष म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा उतरला.

भामाबाईंनी पदर सावरला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा बदलला होता. तेव्हापासून सगळ्या खानदानाच्या हाडांचं खातं त्यांच्याकडं आलं होतं. "ते ऱ्हाऊ द्या जावईबापू. दुखणं मागं आन् भोक गळ्याला? माजघरात जायला परसातली वाट सोडून म्होरल्या दारानं दरोडा घालायचा, ही कुठली रीत?"

"आत्या, मागे मज्जारज्जू असतो. पुढून वाट मोकळी मिळते."

"मोकळी कुठली? त्या वाटंत आवाजाची नस हाय. मला डाक्टरनं सोताच्या तोंडानं सांगितलंय."

"खरंय ते," अबोली म्हणाली. "काहींचा आवाज थोडे दिवस घोगरा होतो, गिळायला त्रास होतो. बहुतेकांचं सुधारतं. अगदी थोड्यांचं राहतं."

"आप्पाचा आवाज बसला तर शकूचं नशीबच उघडंल म्हणा," भामाबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या आधी आप्पासोच हसले. हसण्यानं मानेत कळ आली तसे डोळे मिटून गप्प बसले. निमिष पुढचं समजावून सांगायला वाट्यांकडं वळला, तर मधली फोड गायब. गुंडानं ती काढून आपल्या रश्श्यात पिळली होती.

"माझं म्हननं इचाराल तर घाई नगं," गुंडा रस्सा ओरपत म्हणाला. "मानंला हात लावायचाच न्हाई. पट्टा हाय, व्यायाम हाय. दादा दांडगा गडी हाय. येईल जाग्यावर."

त्याच्या या बोलण्यावर सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि गुंडाला ते दिसलं. त्याला ठाऊक होतं घरात काय कुजबूज चालते ती. बैलबाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, कुठलं धरलं आणि किती धरली यावर सौदा ठरायचा. तिथं आजवर आप्पासोंचा हात चालायचा. पण पौषातल्या बाजारात त्यांनी एका खिलार जोडीचा सौदा असा काही फिसकटवला की घेणारा आणि विकणारा दोघंही शिव्या देत गेले. ऊन लागलं, असं आप्पासोंनी सांगितलं. पौषातलं ऊन. तेव्हापासून टॉवेलाखाली गुंडाचा हात जायला लागला, आणि भावकीत बोललं जाऊ लागलं की धाकट्याला गादी पाहिजे होती ती मिळाली.

खरं सांगायचं तर गुंडाला ती गादी नको झाली होती. दादा शेजारी उभा असला की बाजाराला मजा होती. गिऱ्हाईकाची टिंगल, चहा, वडा, परत येताना गाडीत गाणी. आता दादा गाडीतच बसून राहायचा. मान कापा, जोडा, बेअरिंग घाला, काय वाटेल ते करा पण माझा भाऊ मला बाजारात आणून द्या, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ऑपरेशन करा म्हणून तो बोलला असता आणि काही बरंवाईट झालं असतं, तर गुंडानं भावाला गादीसाठी टेबलावर झोपवला, हे त्याच्या नातवंडांनी पण ऐकलं असतं. म्हणून तो नको म्हणत होता आणि रस्सा पीत होता.

स्वयंपाकघरात वेगळीच आघाडी उघडली होती.

"आक्का, तुमचा गुडघा कसा हाय आता?" शकुंतलेनं भाकरी झाकता झाकता विचारलं.

"मस बरा हाय. पयलं लय रडले. आता कोरेगावच्या बाजारातनं दोन पिशव्या घिऊन चालत येते."

"मग ह्यांच्या मानंला का नगं म्हंतायसा?"

भामाबाई चपापल्या. दाराकडं बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "अगं, माझा गुडघा माझा हुता. गेला आसता तर लंगडत बसले आसते. ही भावाची मान हाय. मी हो म्हणायचं, आन् उद्या तू मला म्हणणार, आक्का, तुमी सांगितलं म्हणून केलं. त्या परास नगं म्हटलेलं सोपं."

"मी आसं म्हणीन?"

"म्हणशील. मी तुझ्या जागी आसते तर म्हटलं आसतं."

ते खरं होतं, हे शकुंतलेलाही ठाऊक होतं. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. दोन-तीन महिने झाले, आप्पासोंनी बटणाचे शर्ट घालणं सोडलं होतं. डोक्यातनं घालायचे ढगळ सदरे शिवून घेतले आणि म्हणाले, उकडतंय. लग्नाला जायचं होतं त्या दिवशी ते आरशासमोर नुसते उभे राहिले, तेव्हा तिनं जाऊन बटणं लावली. तिनं काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती.

तेवढ्यात अबोली आत आली. "आई, तुझं काय म्हणणं? तू बोलतच नाहीस."

"तू शिकल्याली हायस. तुझं सांग की."

"मी म्हणते पुण्याला दुसरं मत घेऊ. मग ठरवू."

"पुण्याचा डाक्टर येगळं काय सांगणार हाय?" भामाबाई म्हणाल्या.

अबोलीला त्याचं उत्तर माहीत होतं. दुसरं मत तिनं कधीच घेतलं होतं. फिल्म फोनवरून पाठवून, गुपचूप. पुण्याचा डॉक्टरही तेच म्हणाला होता. कळ जाईल याची बऱ्यापैकी खात्री, हाताचा जोर बहुधा येईल, बोटांबद्दल कुणी शब्द देणार नाही. मात्र नस जितके दिवस दाबलेली राहील तितकी बोटं परत येण्याची आशा कमी. हे सगळं तिला बाहेर जाऊन सांगता आलं असतं. पण मग वडिलांच्या गळ्यावर सुरी चालवायचा निर्णय तिच्या नावावर झाला असता. हे मनात आलं म्हणून तिला स्वतःचा रागच आला.

बाहेर आप्पासोंचा आवाज चढला. "तोंडानं बास झालं आता. टावेल आणा."

ही धोंडिरामअण्णांनी घातलेली रीत. अण्णा म्हणजे आप्पासोंचे वडील. ते म्हणायचे, माणसाला तोंडानं नाही म्हणायची लाज वाटते आणि हो म्हणायची भीती. बोटाला दोन्ही नसतं. म्हणून घरातला मोठा निर्णय बाजारासारखा टॉवेलाखाली घ्यायचा. घरातल्या थोरल्या गड्यानं उजवा हात पुढं करायचा, वर टॉवेल टाकायचा, एकेकानं येऊन आत हात घालायचा. अंगठ्याशेजारचं बोट दाबलं तर हो, मधलं दाबलं तर नाही. शेवटी थोरल्यानं नुसता आकडा सांगायचा. कुणी काय दाबलं ते त्यानंही सांगायचं नाही आणि दाबणाऱ्यानंही नाही.

"तुमच्याच मानंचं हाय," शकुंतला म्हणाली. "हात आज भावजींनी धरावा."

"थोरला मी हाय."

"मग डावा तरी धर दादा," गुंडा म्हणाला. "उजवा दुखतोय न्हवं तुझा?"

"उजवा म्हंजे उजवा. अण्णांनी कधी डावा धरला हुता का?"

अण्णांचं नाव निघालं म्हणजे उजवाच. मग जावयाला मत आहे की नाही यावर वाद झाला. भामाबाई म्हणाल्या, जावई म्हणजे पाहुणा. गुंडा म्हणाला, पाहुण्यानं आपल्यापेक्षा जास्त अभ्यास केलाय. शेवटी आप्पासोंनीच सांगितलं, दाबू द्या त्यालाबी, मटण खाल्लंय त्यानं.

"इचार एकच," ते म्हणाले. "चकती बदलायची का न्हाई. दाबा."

आधी भामाबाई आल्या. आत हात घातला तसा त्यांच्या हाताला भावाचा पंजा लागला, लहानपणी ओढ्यातनं पलीकडं नेताना धरायच्या तोच. मघाचं सगळं शहाणपण कुठल्या कुठं गेलं. मेल्या, बरा हो, असं मनात म्हणून त्यांनी अंगठ्याशेजारचं बोट दाबलं. गुंडानंही तेच दाबलं, जरा जोरातच, आणि तोंड मात्र नको म्हणाल्यासारखं ठेवलं. अबोलीनं तेच दाबलं. शकुंतलेनं तेच दाबलं आणि क्षणभर धरून ठेवलं.

राहिला निमिष. दिवसभर चकतीची वकिली केलेला. टॉवेलाजवळ वाकला आणि त्याला एकदम समोरचं आयुष्य दिसलं. चकती जाम झाली, आवाज गेला, तर या घरात मरेपर्यंत तो चकतीवाला जावई. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक मटणाला. त्यानं मधलं बोट दाबलं.

आप्पासोंनी टॉवेलाखालचा हात काढून मांडीवर ठेवला. "चार न्हाई. एक हो. इषय संपला. अबोली, उद्या डाक्टरला फोन कर, म्हणावं नगं."

चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की तो एकुलता एक हो आपला. आणि प्रत्येकाला दुसरी शंका होती, की मग जावयाचा हो कुठं गेला?

गुंडाला राहवलं नाही. "जावईबापू, दिसभर वाट्या वाजवल्यासा, आन् आत हात घालून न्हाई दाबलं व्हय?"

घरच्या माणसानं मान खाली घातली असती आणि टॉवेलाखालचं टॉवेलाखाली राहिलं असतं. निमिष बिचारा सरळ होता. "हो," तो म्हणाला. "मी नाही दाबलं. ऐनवेळी भीती वाटली मला."

"मग हो कुणाचा?"

"माझा," चार तोंडांतनं एकदम आलं. त्यात विचारणारा गुंडाही होता.

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळ्यांनी आप्पासोंकडं.

"आप्पा," भामाबाई म्हणाल्या, "अण्णाच्या टावेलावर खोटं बोललास व्हय रं? घाबरलास तर घाबरलो म्हण. आमचं हो कशाला न्हाईत मोजतूस?"

पट्ट्यामुळं आप्पासोंना मान खाली घालता येत नव्हती, नाहीतर घातली असती. गुंडा चिडून उठला, अबोलीचे डोळे भरले, भामाबाईंनी बापाच्या नावानं आणखी चार शब्द सुनावले. शकुंतला मात्र नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. ती उठली, खुर्चीजवळ खाली बसली आणि टॉवेल परत त्यांच्या हातावर टाकला.

"आवं, आता सांगा. मी कुठलं बोट धरलंय?"

आप्पासोंनी तिच्याकडं अख्खं अंग वळवलं.

"धर की आदी," आप्पासो म्हणाले.

शकुंतलेनं टॉवेल बाजूला केला आणि त्यांचा हात वर उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर आणला. तिनं अंगठ्याशेजारचं बोट मुठीत आवळलं होतं. तिचं नख त्यात रुतलं होतं, बोट पांढरं पडलं होतं. आप्पासो त्या बोटाकडं परक्याच्या बोटाकडं बघावं तसं बघत राहिले.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"तीन बोटं बधिर हाइत. अंगठा, ह्ये आन् मधलं. कायतर लागल्यागत वाटतं, पर कुठलं ते उमगत न्हाई. पौषात त्या जोडीवाल्यानं काय दाबलं ते मला अजून ठावं न्हाई."

"डाक्टरला का न्हाई सांगितलंसा?"

"थोडं बधिर हाय म्हटलं की."

"मग ह्ये चार न्हाई, एक हो कुठनं आणलंस?" भामाबाईंचा आवाज आता खाली आला होता.

"तुमी समदी तोंडानं बोलत हुता तेच मोजून सांगितलं."

"गलांड्यांच्या घरात तोंडानं बोलल्यालं खरं धरतूस व्हय रं येड्या?" असं म्हणून भामाबाई रडायला लागल्या.

गुंडा परत खाली बसला. मघाचा राग कुठं ठेवावा ते त्याला कळेना. अबोलीनं डोळे पुसले आणि जे स्वयंपाकघरात गिळलं होतं ते सगळं सांगून टाकलं, पुण्याच्या डॉक्टरसकट. जितका उशीर तितकी आशा कमी, हेसुद्धा.

"ठावं हाय मला," आप्पासो म्हणाले. "मिरजंच्यानंबी तेच सांगितलं. पर आयका, मला भ्या सुरीचं न्हाई. आपरेशन केलं न्हाई तवर बरं हुईल म्हणता येतं. रोज सकाळी उठून म्हणतोय, आज येत्याल बोटं. केलं आन् न्हाई आली, तर मग उठून काय म्हणायचं मी?"

निमिषनं ताटातल्या दोन्ही वाट्या उचलून बाजूला ठेवल्या.

"न्हाई आली तर मी आत हात घालतो," गुंडा म्हणाला. "काय दाबलं ते तुला सांगतो. तू माझ्या कानात बोल, दिऊ का नगं ते. डोस्कं तुझंच चालतंय, माझं कवा चाललंय?"

"आन् आवाज गेला तर?"

"मग पायावर पाय दे माझ्या. पाय हाइत न्हवं अजून?"

आप्पासो हसले. या खेपेला कळ आली तरी हसत राहिले. शकुंतला तशीच खाली बसून होती. त्यांचा हात तिनं परत मांडीवर ठेवला होता, आणि पट्ट्याच्या आडून त्यांना तो दिसत नव्हता.

"धरलंयस का अजून?" त्यांनी विचारलं.

"धरलंय."

"कुठलं?"

"अंगठ्याशेजारचं."

"मग तेच सांगा उद्या डाक्टरला," आप्पासो म्हणाले.